पेजेचं शिंकं

"कोणाक ताप-बीप आसा?"

एवढंच विचारायला सहदेव दर पंधरवड्याला आमच्या दारात यायचा. मिठबावच्या मासेमारांच्या घरचा, नोकरी हिवताप खात्यात. सगळा गाव त्याला मलेरियावालो म्हणायचा. मी लगबगीने पुढे होऊन "नाय" म्हणायचे. तेवढ्यावर तो हसायचा... आणि माझा दिवस छान जायचा.

त्र्याऐंशीच्या श्रावणात मात्र त्याने पडवीत पाय ठेवला आणि आतून किंकाळी आली. आईने पेजेचा टोप निवायला जमिनीवर ठेवला होता — आमच्याकडे सगळेच ठेवतात — आणि माझ्या भावाच्या चिमुकल्या मथुराने तो ओढला. उकळती पेज थेट तिच्या हातावर!

आई खोबरेलाची बाटली घेऊन धावली.

"काकी, त्याल नको!" सहदेव चपलांसकट आत आला. "गार पाणी होया. आणि कांकणा काढा आधी, हात सुजतलो."

मथुराला उचलून तो विहिरीवर पोचलासुद्धा. मी कळशी ओढायची, त्याने हातावर धार धरायची. भुरभुर पाऊस, पोरीचं रडणं, दोराने सोललेले माझे तळवे...

"पुरे ना आता?"

"मी सांगीसर ओढ."

"हुकूम बरे सोडतास!"

"हात तिचो वाचांदे, मगे भांड."

रडता रडता मला हसू आलं. देवा, आज हा आला नसता तर?

मग बाबांच्या धुतलेल्या धोतराची पट्टी हातावर सैल गुंडाळून, मथुराला मांडीवर घेऊन मी त्याच्या सायकलवर मागे बसले. "तेल फासलं नाहीत, पाणी ओतलंत, फार बरं केलंत," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मी सहदेवकडे पाहिलं. तो खाली बघत चिखलाने भरलेल्या चपला झटकत होता.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने जाळ्याच्या दोरीचं शिंकं विणून आणलं, आमच्या स्वयंपाकघरात टांगलं. पेज आता तिथे निवायची.

गणपतीत मथुराने त्याच हाताने दूर्वा वाहिल्या. मला भरून आलं. सहदेव दर्शनाला आला होता, त्याला पडवीत गाठून मी विचारलं, "तुमचे उपकार कशे फेडू?"

"हात वर कर."

"काय?"

"कर म्हणतंय मा!"

मी केला. त्याने पिशवीतून नवं शिंकं काढलं आणि त्याची दोरी माझ्या बोटांपासून जमिनीपर्यंत धरली.

"आमच्याकडे तर लावलास ना?"

"ह्यां दुसरां... मिठबावच्या घराक."

"मगे माझो हात कित्याक मोजतास?"

तो दोरीकडेच बघत राहिला. कान लाल झाले होते. "तुझो हात पोचाक होयो," तो हळूच म्हणाला, "आणि... पोरांचो पोचाक नको."

आत आरती सुरू झाली. लाजून पळावं, की थांबावं?... तेव्हा कळलं, मी मघापासून टाचा उंचावून उभी आहे. मी पावलं नीट टेकली. हात पुन्हा वर केला.

"आता बरोबर मोजा," मी म्हटलं. "माका थयसून रोज पेज काढूची आसा."