शेवंडीचं राहिलेलं गाणं

लिफ्टमध्ये शिरताना तो माझ्या गिटारच्या पेटीला अडखळला आणि भिंतीवर आपटला.

“इतके गोल अडवता म्हणे तुम्ही,” मी म्हटलं, “आणि एवढी पेटी दिसली नाही?”

“पेटी नाही दिसली, कारण...” तो थांबला. कान लालबुंद. “कितवा मजला?”

हा वॉरेन टिबेट. बर्फावरच्या हॉकीतला गोलरक्षक, दगडी चेहऱ्यासाठी प्रसिद्ध. न्यूयॉर्कच्या त्या शनिवार रात्रीच्या विनोदी कार्यक्रमात दर आठवड्याला एक नामवंत पाहुणा सूत्रसंचालन करी, आणि एक गायक दोन गाणी म्हणे. जोडी कुणाची कुणाशी जुळेल, नेम नसे. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात त्याच्याशी माझी जुळली – डलूथ गावच्या गायिकेची, इल्मा सालोची.

माझं पहिलं गाणं रेकॉर्ड कंपनीच्या पसंतीचं होतं. दुसरं माझं, गेलेल्या बाबांवर रचलेलं, अजून कुणीच न ऐकलेलं. ते ऐकायला आई शेजारणींना घेऊन टीव्हीसमोर बसणार होती.

आठवडाभर तालमी झाल्या, पण वॉरेन माझ्याकडे बघेचना. मी मनात म्हटलं, शिष्ट दिसतो!

शनिवारी एका प्रहसनात तो हॉटेलातलं गिऱ्हाईक होता, आणि मी त्याच्यासाठी उकळायची भली मोठी लाल शेवंड, म्हणजे लॉब्स्टर. मला एकच वाक्य होतं – “मला उकळू नका हो, साहेब!” ते म्हटलं, त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं... आणि फुटला. हसू आवरेना. प्रेक्षक हसले, मीही हसले. पण थेट कार्यक्रमात हसण्यात गेलेली मिनिटं कुठून तरी कापावीच लागतात.

मी गिटार जुळवून उभी होते, तेव्हा व्यवस्थापिका म्हणाली, “सॉरी गं. दुसरं गाणं गेलं.”

शेवटी सगळ्यांनी मंचावर येऊन हात हलवायची तिथली रीत. मीही हलवला. चेहरा नुसता जळत होता. शेजारी वॉरेन मान खाली घालून उभा.

मग बाहेरच्या फोनवर आई म्हणाली, “बायका वाट बघून गेल्या गं. म्हणाल्या, इल्माला शेवंड करायलाच नेलं होतं वाटतं.”

मागून कुणीतरी फोन हातातून घेतला.

“बाई, मी वॉरेन टिबेट. चूक माझी. मी हसलो.”

“दिसलं ते!” आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. “एवढा घोडा झालास, हसू आवरत नाही?”

“आठवडाभर तुमच्या मुलीकडे बघायचं टाळलं, बाई. तिथे बघावंच लागलं. हसलो नसतो, तर... तर सगळ्या देशाला दिसलं असतं.”

“काय दिसलं असतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. कानांची लाली मानेपर्यंत उतरली होती. मला तर वाटलं, पुन्हा शेवंडीच्या सोंगात जाऊन लपावं.

“तेच,” तो पुटपुटला.

आई म्हणाली, “मग आता उभा काय? धर तो फोन तिच्या तोंडाशी.”

त्याने दोन्ही हातांनी धरला. बाबांच्या गाण्याच्या पहिल्या ओळीला माझा आवाज फाटला, दुसरीला सावरला. तो हललासुद्धा नाही. गाणं संपलं, तेव्हा पलीकडे आई नाक ओढत होती.

“फोन ठेवू नका,” ती म्हणाली. “बायकांना उठवून आणते. पुन्हा म्हणायचंय.”

दार उघडल्याचा आवाज आला. मग नुसती वाऱ्याची शीळ. आई परत येईपर्यंत आम्हा दोघांना एकमेकांकडे बघण्यावाचून दुसरं कामच उरलं नव्हतं...