हिरवा ठिपका आला कुठून?

औषधाने पेशीचं दार बंद केलं होतं. तरीही विषाणू आत शिरत होता. कसा, ते डॉ. मैथिलीला उमगत नव्हतं.

साल होतं २०५१. माणदेशातल्या शेळ्यांमध्ये नव्या तापाची साथ पसरली होती. मैथिलीची अकरा वर्षांची भाची मनवा हट्टाने प्रयोगशाळेत आली होती. तिची भुरी नावाची शेळीही तापली होती, पाल्याला तोंड लावत नव्हती.

काचेपलीकडच्या बंद पेटीत, सूक्ष्मदर्शकाखाली, काचेच्या बशीत शेळीच्या जिवंत पेशी होत्या. अलीकडे, दिवा मालवलेल्या खोलीत, पडद्यावर हिरवे ठिपके हलत होते.

"आत्या, हे विषाणू?"

"त्यांचा उजेड. विषाणू इतका लहान की त्याचा आकार यातून दिसत नाही. पण अंधारात लांबच्या डोंगरावरून कोणी बॅटरी घेऊन चाललं, तर?"

"माणूस दिसत नाही. पण कुठे चाललाय ते कळतं."

"तसंच. आम्ही विषाणूला प्रतिदीप्त प्रथिन (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणारा पदार्थ) जोडलंय. निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं. मधली गाळणी (ठरावीक रंगच पुढे सोडणारी काच) निळा अडवते. उरतो हिरवा."

"मग प्रकाश वाढव ना."

"जास्त झाला तर पेशी मरतील. त्यांना जगू देऊनच पाहायचं."

मनवा पडद्याला डोळे लावून बसली. एका निरोगी पेशीत, शेजारच्या ठिपकेवाल्या पेशीच्या बाजूला, अचानक ठिपका उगवला.

"हा बाहेरून आलाच नाही," ती म्हणाली. "शेजारच्या पेशीतून आला."

मैथिलीने चित्रण मागे नेऊन सावकाश पाहिलं. मग पेशींच्या कडा लाल चमकवणारं द्रव्य बशीत सोडलं. दोन पेशींमध्ये एक अतिशय बारीक नळी उजळली, आणि तिच्यातून हिरवा ठिपका सरकत गेला. मैथिली खुर्चीतून उठलीच.

"आम्ही दारावर पहारा दिला, आणि हे आतल्या आत पसार होतायत!"

मग तिने नळ्या तयार होऊ न देणारं दुसरं औषध वापरलं. आता निरोगी पेशी आतून काळ्याच राहिल्या. बशीत जमलेलं शेळीतही जमतं का, ते तपासायला काही आठवडे गेले. तोवर भुरी अशक्त झाली होती, पण दोन्ही औषधं मिळाल्यावर हळूहळू चरायला लागली.

"माणसांचे विषाणूही असेच जातात?" मनवाने विचारलं.

"काही जातात. कोणकोणते, ते अजून पाहायचंय." मैथिलीने यंत्रहाताने नवी बशी भिंगाखाली ठेवली.

मनवाने खोलीतला दिवा आधीच मालवला होता.