धाकट्याचा डबा

सकाळी डबे उघडले, की प्रयोगशाळेतला जंतुनाशकाचा वास हरायचा आणि काळ्या वाटाण्याच्या आमटीचा जिंकायचा. रत्नागिरीच्या अन्नवर्तन संशोधन केंद्राला त्याची सवय झाली होती. तिथे बारा काचपेट्यांत बारा प्रतिजठरं होती आणि त्यांना भरवण्यासाठी बारा घरांतून रोज डबे येत. प्रत्येक पेटीत तळहाताएवढी चकती, चकतीवर गुलाबीसर पेशींचे तीन पुंजके. एक आतड्याचा, एक स्वादुपिंडाचा, एक यकृताचा, तिन्ही एकाच माणसाच्या गालातून काडीने घेतलेल्या पेशींपासून वाढवलेले. यंत्राने चावलेला घास आत गेला, की पुढचे दोन तास भिंतीवरच्या पडद्यावर त्या माणसाची साखररेषा उमटत राही.

"पुन्हा दोनशे चाळीस," डॉ. फिरोज काझी म्हणाले. "आणि वडिलांची टिकली काय म्हणते?"

"एकशे पंचावन्न," डॉ. केतकी पावसकर म्हणाली.

बारावी पेटी तिच्या वडिलांची होती. सुहास पावसकरांनी जयगडच्या खाडीत उभा जन्म फेरीबोट चालवली होती. निवृत्त झाले आणि मधुमेह निघाला. दंडावर चिकटवलेल्या शर्करा-टिकलीतून त्यांच्या अंगातली साखर केंद्राला घटकेघटकेला कळत असे. ("या वयात टिकली लावायची पाळी आली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.) पेटी आणि टिकली यांच्या रेषा एकमेकींवर बसायला हव्यात, एवढाच प्रयोगाचा पाया होता. अकरा जणांच्या बसत होत्या.

"तुमच्या भाताचा काही दोष?" काझी सरांनी विचारलं. ते पेशींचे जाणकार, ती धान्याची.

"भाताचा दोष काढायला तुम्हाला फार आवडतं, सर. गरम भातातलं पिष्ट सैल असतं, पाचकरस त्यावर तुटून पडतात. भात गार झाला, की तेच पिष्ट पुन्हा घट्ट विणलं जातं. नंतर वाफ दिली तरी त्यातली काही वीण टिकते. ते आपलं हट्टी पिष्ट. ते लवकर साखर होत नाही. त्यात आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि भात शेवटी, म्हणजे साखर सावकाश चढते. जादू नाही, गोळी सुटत नाही. पण रोज दोन वेळा थोडी थोडी सूट मिळते. आणि ही सूट पेटीलाही मिळालीय. आधी ती दोनशे नव्वदवर जायची."

"म्हणजे उपाय पेटीला लागू पडतोय. पेटीत तोच डबा, त्याच क्रमाने, गोळीची पूडसुद्धा तीच. आणि पेशींचं वय न पुसता त्या वाढवल्यात, म्हणजे साठीच्या माणसाचं थकलेलं स्वादुपिंड इथेही थकलेलंच आहे. पेटी खोटं बोलत नाही, केतकी."

"मग बाबा बोलतात?"

काझी सरांनी चष्मा पुसायला घेतला. अवघड बोलायचं असलं, की ते चष्मा पुसत. "एक तर ते ताटातलं अर्धं कुठेतरी टाकतात. नाहीतर चोरून दुप्पट गोळ्या घेतात. दुसरं असेल तर एक दिवस साखर धाडकन खाली येईल. तेव्हा घरात आई एकटी असेल. तू आजच घरी जा."

केतकी दुपारी जयगडला पोचली, तेव्हा बाबा पानावर बसले होते आणि आई उभी होती.

"बाबा, खरं सांगायचं. गोळ्या किती घेता?"

"आली फौजदारीण! पाणी तरी पी आधी."

"बाबा."

"एक सकाळी, एक रात्री. तुझी आई मोजून हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत तोंडाकडे बघत बसते. बोटीवर तिकीट तपासनीस होता ना, त्याच्या वरताण."

"मग तुमची साखर त्या पेटीपेक्षा एवढी कमी कशी?"

बाबांनी घास खाली ठेवला. चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "म्हणजे मी धाकट्याला हरवलं?"

पेटीला पावसकरांच्या घरात 'धाकटा' म्हणत. तो बाबांचा न झालेला भाऊ होता. त्याचा डबा रोज पहाटे केंद्राच्या गाडीतून जाई आणि आई तो ज्या मायेने भरी, तशी तिने केतकीच्या शाळेचाही कधी भरला नव्हता. कोशिंबीर वेगळी, भाजी वेगळी, भात आदल्या रात्री निवलेला.

"हरवलं नाही, बाबा. काहीतरी चुकतंय."

"चुकतंय काय? इच्छाशक्ती! त्या काचेत ती कुठून येणार?"

"अहो, जेवा आता," आई म्हणाली. "धाकट्याचं कसं गं? बरं नाही का त्याला?"

"तो आजारी आहे, आई. बाबांपेक्षा जास्त."

"अगंबाई! उद्यापासून काकडी जास्त घालते त्याच्या डब्यात." ती तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायली. तर्जनीला चिंधी होती. विळीवर कापलं होतं, गणपतीच्या आधी. आता दिवाळी तोंडावर आली होती. केतकीने ते पाहिलं आणि बाबांच्या गोळ्यांची पाकिटं तपासायला घेतली. एकही गोळी जास्त गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने काझी सरांना तेवढंच सांगितलं. "बाबा खोटं बोलत नाहीत. पेटीही बोलत नाही. दोघंही खरं बोलत असतील, तर ती एकाच माणसाबद्दल बोलत नाहीत."

काझी सरांनी तिच्याकडे बघितलं, मग बाराव्या पेटीकडे. पेटीतल्या चिमूटभर पेशी गुणसूत्रं वाचणाऱ्या वारसावाचकात गेल्या. उत्तर यायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

"दोन एक्स," काझी सर म्हणाले. "हे बाईमाणूस आहे."

बाकीच्या अकरा पेट्यांची अदलाबदल झाली नव्हती. तेही तपासून झालं. मग केतकीने स्वतःच्या गालातून काडी फिरवली आणि वारसावाचकात ठेवली. तिच्या आणि पेटीच्या वारशाचा बरोबर निम्मा भाग जुळला. केतकीला बहीण नव्हती, मुलगी नव्हती.

ती खुर्चीवर बसली. पडद्यावर सहा महिन्यांच्या रेषा एकाखाली एक होत्या. दोनशे नव्वद, दोनशे ऐंशी, अशा उतरत आलेल्या. तांब्या आठवला, चिंधी आठवली. मधुमेहाच्या घरात ती सहा महिने जात-येत होती आणि ज्याच्या दंडावर टिकली होती, त्याच्याचकडे बघत होती.

"जा," काझी सर म्हणाले. "टिकली घेऊन जा."

"त्यात काय एवढं?" जयगडला केतकीने नमुन्याचं विचारलं, तशी आई म्हणाली. "यांना त्या काडीने ओकारी यायला लागली. तुला माहितीय, दात घासतानासुद्धा हे अख्खी आळी उठवतात. डोळ्यांतून पाणी बिचाऱ्यांच्या. म्हटलं, कशाला छळायचं? मीच फिरवली माझ्या गालात."

"मला म्हणाली, झालं काम, आणि मीही पुढे विचारलं नाही," बाबा पडेल आवाजात म्हणाले.

"अगं पण आई, नमुना घेणारी डबी बोलते. ती विचारते, हा नमुना कोणाचा म्हणून!"

"विचारलं की. मी म्हटलं, आमचाच."

केतकीने डोळे मिटले. डबीला मराठी शिकवली होती पुण्याच्या दोन हुशार मुलांनी. नमुना आमचाच आहे असं कोणी म्हटलं, की नोंदलेल्या माणसाने होकार दिला असं समजायचं, हे त्यांनी तिला पढवलं होतं. शैलजा पावसकर गेली पस्तीस वर्षं नवऱ्याविषयी बोलताना 'आमचं' म्हणत होती, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमची साखर वाढलीय. आमचा गुडघा धरलाय. आमच्याने जिना होत नाही. डॉक्टरांपुढे बसून ती हे सगळं सांगायची आणि डॉक्टर बाबांना तपासायचे.

"आई, ही टिकली तुझ्या दंडाला लावायचीय."

"मला? मला काय धाड भरलीय!"

"तू काय जेवतेस? खरं सांग."

आई पहिल्यांदा ओशाळली. "ते तर विचारू नकोस. यांना बिचाऱ्यांना कालचा गार भात वाफवून देते आणि मी मागाहून आपल्यापुरता गरम लावते. वर आमटी ओतली, की झालं. भाजी उरते कुठे? उभ्या उभ्याच उरकते. मनाला फार लागतं गं. नवरा शिळं खातो आणि मी ताजं. म्हणून तर धाकट्याचा डबा तरी नीट भरायचा, असं ठरवलं होतं."

टिकली लावून, आईचं नेहमीसारखं जेवण होऊन तासभर झाला आणि केतकीच्या फोनवर रेषा वर चढू लागली. दोनशे नव्वदच्या पुढे गेली. बाबा तिच्या खांद्यावरून बघत होते.

"शैला," ते म्हणाले, "तुझे डोळे, तुझे पाय... हे सगळं माझंच जाणार असं मी धरून चाललो होतो. तुझं नाही."

"काही जात नाही कोणाचं. रडताय काय? डोळे पुसा. पोरगी बघतेय."

"आई, ऐक." केतकीने तिचा हात हातात घेतला. "माणसाला मधुमेह निघाला, की काय मानवेल ते शोधण्यात सहा महिने जातात. तुझे ते आधीच गेलेत. कोणता भात, किती निववायचा, आधी काय खायचं, गोळी किती लागेल, सगळं तुझ्याच पेशींवर करून झालंय. गोळी डॉक्टर रीतसर तपासून देतील. पण पथ्य नवं काही नाही. जो डबा तू रोज भरून पाठवतेस, तोच तू खायचा."

आईने बोटावरची चिंधी घट्ट केली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस मी माझाच डबा भरत होते?"

"हो."

"आणि तो सगळा त्या पेटीने खाल्ला!"

बाबा हसले, मग आईही. केतकीला मात्र हसता येईना. आईला कोणी ताट वाढल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पण एक अडचण आहे," आई म्हणाली. "आधी कोशिंबीर, मग भाजी, मग भात म्हणजे बसून जेवायला हवं. आणि मी बसले तर वाढणार कोण?"

"मी!" बाबा म्हणाले. फेरीबोटीवर धुक्यात भोंगा वाजवावा, तसे.

डॉक्टरांची गोळी सुरू होऊन महिना झाल्यावर केंद्राने तुलनेचा दिवस ठरवला. सकाळी धाकट्याने (नाव कोणी बदलायला तयार नव्हतं) आईचा डबा खाल्ला आणि रेषा दोनशे दहावर नेली. दुपारी तोच डबा, तेवढाच, आईने जयगडला खायचा होता. बाबांच्या गालातून या खेपेला काडी फिरली होती, केतकीने डोकं आणि काझी सरांनी हनुवटी धरून, आणि त्यांचं खरं जुळं तेराव्या पेटीत वाढत होतं. आता बारावी रेषा जुळायची बाकी होती.

आई पाटावर बसली. बाबांनी कमरेला पंचा गुंडाळला.

"अहो, भात आधी नाही! कोशिंबीर!"

"हो हो. दही कुठेय?"

"फडताळात, खालच्या... थांबा, मी देते."

"बस तू. मीठ?"

"डोळ्यासमोर आहे. नाही, ती साखर! अहो!" आई उठली.

ताट पूर्ण संपलं. केतकीने वाटीसुद्धा तपासली. मग भांडी कोणी घासायची यावरून दोघांची जुंपली. बाबा पातेलं घेऊन मागीलदारी गेले, आई त्यांच्या मागे. ते राख कमी लावत होते. ती परत आत आली, काथ्या घेऊन पुन्हा बाहेर गेली. बाबांनी कढई विहिरीपाशी नेली, तशी तीही विहिरीपाशी गेली.

दोन तासांनी फोन वाजला.

"केतकी," काझी सरांचा आवाज उतरलेला होता, "पेटी दोनशे दहा म्हणाली होती. आईंची रेषा एकशे पंच्याहत्तरच्या वर गेलीच नाही. अर्धं ताट टाकलं का त्यांनी?"

"शीतही टाकलं नाही. मी समोर बसले होते."

"मग जास्तीची गोळी?"

"नाही, सर."

"अगं, पेशी त्यांच्या, डबा त्यांचा, गोळी त्यांची! मग पेटीत कमी काय आहे?"

केतकीने खिडकीतून बघितलं. आई बाबांच्या हातातून कढई ओढून घेत होती आणि ते ती सोडत नव्हते.

"पाय, सर," ती म्हणाली. "बाकीचे अकरा जण जेवून लवंडतात, आई दोन तास पायांवर आहे. पेटीत आतडं आहे, स्वादुपिंड आहे, यकृत आहे. साखर जाळणारे पाय आपण वाढवलेच नाहीत."