बाहेरची कडी

"मंदे... कडी काढ वं माय..."

हा आवाज मंदाबाईंनी ऐकला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. चाळीस वर्षांनी तोच आवाज त्यांच्या नवऱ्याने, जीवरामभाऊंनी, ऐकला.

पटो न पटो, घडलं ते घडलं. वरणगावातलं ते घर अजून उभं आहे. त्या घरात आज एकाही दाराला बाहेरून कडी नाही. जीवरामभाऊंनी सगळ्या उपटून टाकल्या.

वैशाखातली दुपार होती. साल एक्याण्णव.

जीवरामभाऊ फॅक्टरीतून रिटायर झाले आणि जुन्या रेडिओंच्या नादी लागले. परसात पत्र्याची खोली बांधली. मुके झालेले व्हॉल्व्हचे रेडिओ गावोगावहून यायचे. भाऊ त्यांची धूळ फुंकायचे, जळके कंडेन्सर काढायचे, आणि एखादा सेट घसा खाकरून बोलू लागला की बाळाने पहिला हुंकार द्यावा तसे हरखायचे.

"आता नातवंडं खेळवा," लोक म्हणायचे.

"खेळवतोच आहे की! आणि ही दूध मागत नाहीत."

त्या दिवशी सकाळी सावद्याहून मेव्हणा आला. सुपडू. डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेला रेडिओ.

"भाऊजी, बाबांचा सेट. माळ्यावर सापडला. बघा बोलतो का."

मंदाबाई भाकरी थापत होत्या. हात परातीतच थांबला.

"सुपडू, परत ने तो."

"अक्का, बाबांची आठवण शे ती!"

"घरात नको म्हणते ना!"

भाऊ हसले. "अवं, रेडिओ आहे. सवत नाही."

मंदाबाई हसल्या नाहीत.

भाऊंना त्यामागची गोष्ट ठाऊक होती. मंदाबाईंच्या माहेरी केळी पिकवायची कोठडी होती. आत घड रचायचे, कोपऱ्यात गोवऱ्यांचा धूर करायचा, दार लावून फटी लिंपायच्या. एका दुपारी झुंबरआत्या धूर बघायला आत गेल्या. जाता जाता कुण्या गड्याने सवयीने कडी घातली. आत्या आतच गुदमरून गेल्या. ओसरीवर हाच रेडिओ मोठ्याने लागलेला. त्याच्यासमोर छोटी मंदा एकटी.

"माझा हात पुरला नाही कडीला," मंदाबाई एवढंच सांगायच्या.

"नऊ वर्षांचं लेकरू. कसा पुरणार?" भाऊ म्हणायचे.

त्यावर त्या उठून आत जायच्या.

सुपडू जेवून गेला. बाहेर उन्हाच्या झळा. भाऊंनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि सेट लावला.

व्हॉल्व्ह तापले. सेटवरचा हिरवा दिवा डोळ्यासारखा उघडला. खरखर... आणि मग एका बाईचा गळा.

*माहेराच्या वाटेवर केळीबाईची सावली,*
*दार उघड वहिनी, तुझी नणंद गं आली...*

भाऊ सुखावले. किती गोड!

मग गाण्याच्या खालून काहीतरी आलं...

ठक.

ठक ठक.

व्हॉल्व्ह सैल असेल. भाऊंनी बटण बंद केलं, एक व्हॉल्व्ह उपसला.

गाणं थांबलं नाही.

दुसरा उपसला. तिसरा. तळहातावर तीन व्हॉल्व्ह, अजून गरम.

गाणं चालूच...

त्यांनी वायर ओढली. पंखा फिरत होता, तोही आपोआप थांबला. फक्त हिरवा डोळा उघडा.

आणि वास आला. पिकल्या केळ्यांचा... आणि धुराचा.

"मंदे... कडी काढ वं... माहा जीव घाबरू राह्यला..."

भाऊ दाराकडे धावले. दार ढकललं.

बाहेरून कडी.

"कोण आहे? कडी काढा!"

गाणं वाढलं. भाऊ ओरडले, तसं ते आणखी वाढलं. डोळ्यांत धूर. छातीत धूर. पत्रा तापलेला, भिंती जणू जवळ सरकलेल्या. दाराच्या फटीतून त्यांना पावलं दिसली. जोडवी ओळखीची.

"मंदे! कडी काढ वं!"

हे त्यांच्याच तोंडून निघालं होतं. 'मंदे' अशी हाक त्यांनी आयुष्यात कधी मारली नव्हती.

पावलं हलली नाहीत.

"हात पुरत नाही माहा..."

आवाज मंदाबाईंचा नव्हता. एका लहान पोरीचा होता.

पत्र्याच्या खोलीची ती कडी जेमतेम कमरेइतक्या उंचीवर होती. नातवाला काढता यावी म्हणून भाऊंनीच तशी बसवली होती.

भाऊ गुडघ्यांवर आले. खोकल्याने श्वास पुरेना. उंबऱ्यापाशी गाल टेकून ते फटीतून हवा ओढू लागले.

गाणं शेवटच्या ओळीवर आलं...

संपलं.

इतकी शांतता, की पत्र्यावरून चाललेल्या कावळ्याची नखं ऐकू यावीत.

मग कडी पडली. खळ्ळ.

दार उघडलं. खोलीत धूर नव्हता. तो कधी नव्हताच अशी स्वच्छ हवा.

मंदाबाई दारापासून चार हात लांब, जमिनीवर बसल्या होत्या. दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले. परसात दुसरं कुणीच नव्हतं.

मग कडी कुणी काढली?

भाऊंना आजही ते माहीत नाही. अजूनही दार लोटलं की ते आधी मागे वळून बघतात.

त्यांनी हाक मारली. मंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या बघत होत्या त्यांच्या खांद्यामागे... रिकाम्या खोलीत.

हळूच त्यांनी कानांवरचे हात काढले.

"आत्या... हात पुरत होता माहा."

"गाणं संपू दे, म्हटलं मी."