सावलीचं माप

भिंतीतला तडा अजून सरकतोय का, हे बघायची पद्धत साधी आहे. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची. भिंत हलली की काच फुटते.

रोडोपी डोंगरातल्या त्या गावच्या जुन्या दगडी चर्चमध्ये माझ्या पट्ट्या वर्षभर टिकल्या होत्या. जूनमध्ये मी धाकट्या बहिणीला, कालिनाला, बरोबर नेलं. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. आत मेणाचा आणि ओल्या चुन्याचा वास होता. दक्षिणेच्या भिंतीतून चुन्याचा नमुना खरवडताना लोकरीचा एक लांब, काळपट दोरा हाती आला. मी तो ओढून काढला.

पट्टी तडकली. नवी लावली, तीही तडकली.

गवंडी स्तामेन शिडीवर बसून पाव-चीज खात होता. "काढलात ना बाई? घ्या आता."

"काय आहे हे?"

"कुणाची तरी सावली. भिंत उभी राहीना की उन्हातल्या माणसाची सावली दोऱ्यानं मापायची आणि दोरा आत चिणायचा. मग भिंत हलत नाही."

"आणि माणूस?" कालिनानं विचारलं.

"माणसं मिळतात गं. असा दगड कुठं मिळतोय?" तो स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला.

मला त्याचा राग आला. "कालिना, उभी राहा उन्हात. एकदा करूनच दाखवू यांना."

"ताई, बारीक दिसेन अशी माप हं!" कंबरेवर हात ठेवून ती उभी राहिली. नव्या दोऱ्याचं एक टोक मीच धरलं होतं. स्तामेननं तो तड्यात कोंबला, वर चुना थापला. मी ताजी पट्टी लावली.

ती फुटली नाही.

जुलैमध्ये कालिना जिन्यात बसायला लागली. "ताई, पायांत जोरच नाही गं." प्लोवदिव शहरातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्त ठीक, हृदय ठीक. ती वाळत चालली होती. मी डोंगरावर जाऊन यायची. काच अखंड असायची, तिच्यावर साधा ओरखडाही नसायचा. सप्टेंबरात कालिनाला पलंगावरून उचललं, तेव्हा नुसता कोट उचलल्यासारखं वाटलं.

मी छिन्नी घेऊन चर्चमध्ये गेले. स्तामेन उंबऱ्यावर बसला होता.

"काढा की, अडवतंय कोण? पण नुसता काढून पोरगी उठायची नाही. त्याजागी दुसरा घालावा लागतो."

"माझा घाला." हे म्हणायला मला वेळ लागला. तेवढा वेळ तो माझ्याकडे बघत होता.

"घालू की. मग तिला बघणार कोण? मी?"

खाली वळणावर एक गाडी थांबली. टोपी घातलेली एक तरुण मुलगी धापा टाकत वर आली. वॉर्साहून फिरायला आली होती. इवोना नाव सांगितलं.

"चर्च उघडं आहे ना? आधी बाहेरून माझा एक फोटो काढाल?"

मी तिचा फोन हातात घेतला. आभाळात एकही ढग नव्हता.

"थोडी डावीकडे सरक. तिथे ऊन छान आहे."

स्तामेन खिशातून दोरा काढत तिच्या मागे वाकला.

"हे काका काय करतायत?"

"भिंतीचं माप घेतायत," मी म्हणाले. "हस."

ती हसली. फोटो मी तिथेच दाखवला, पण उन्हात तिला स्क्रीन नीट दिसेना. जाताना तिनं माझा नंबर घेतला आणि मला मिठी मारली. मग मी कालिनाचा दोरा छिन्नीनं काढला, स्तामेननं त्याजागी नवा कोंबला.

त्या संध्याकाळी कालिनानं सूप मागून घेतलं.

दोन दिवसांनी इवोनाचा निरोप आला. फोटो सुंदर आलाय, थँक्यू. पण माझी सावलीच दिसत नाहीये त्यात. त्या वेळी आभाळ आलं होतं का?

हो, मी लिहिलं. थोडं आलं होतं.