बाहेर जाणारा श्वास

चंद्राच्या पोटात खोदलेल्या तळावर चार माणसं राहत होती. त्यांतली तिघं तापाने अंथरुणाला खिळली होती. चौथी, तळप्रमुख वारुणी धोंगडे, एकटीच तिघांचं सारं करत होती. खाणीतल्या धुळीसाठी आणलेला भारी मास्क तिने चढवला होता. त्याच्या नाकाशी छोटी झडप होती. श्वास सोडला की ती उघडायची, त्यामुळे कितीही वेळ मास्क लावला तरी गुदमरायला होत नसे.

तापाची तऱ्हा विचित्र होती. मेघराज बरा होऊन पुन्हा पडला. फिलोमिनाचंही तेच झालं. वारुणीने पृथ्वीवरच्या तळवैद्यांना, डॉ. मुकादमांना, विचारलं. ते म्हणाले की जंतू वाहणारा लाळेचा थेंब तोंडातून निघताना मोठा असतो, तेव्हा साधं कापडही त्याला अडवतं. हवेत तो सुकून बारीक झाला की अडवणं अवघड जातं. म्हणून मास्क आधी बाधिताच्या तोंडावर हवा.

तिने तिघांनाही मास्क लावले. तिसऱ्याला, आबिदला, तर वेगळ्या हवेच्या खोलीत हलवलं. तो बरा झाला आणि काही आठवड्यांनी तिथेच पुन्हा तापला.

“त्याच्या खोलीत कोण जायचं?” मुकादमांनी विचारलं.

“फक्त मी. पण मला काहीच झालेलं नाही, डॉक्टर.”

“तुमच्या मास्कला झडप आहे?”

“आहे. आत येणारी हवा गाळून येते, आणि बाहेर जाणारी...”

तिचं वाक्य तिथेच अडलं. मग मुकादम हळूच म्हणाले, “स्वतःची लाळ तपासा.”

तपासणीने शंका ठेवली नाही. जंतू तिच्याच घशात मुक्काम करून होता. तिला तो काही करत नव्हता. भारी मास्क फक्त आत येणारी हवा गाळत होता, बाहेर जाणारी झडपेतून तशीच सुटत होती. ज्यांच्या तोंडाला पाणी लावताना ती वाकत होती, त्यांच्यावर मात्र तिचा श्वास न गाळता पडत होता.

तिने साधा, बिनझडपेचा मास्क लावला आणि एका कोठडीत स्वतःला कोंडून घेतलं. तिघं बरी झाली. या वेळी ताप उलटला नाही.

परतीचं यान आलं तेव्हा आबिद दाराशी येऊन म्हणाला, “ताई, चला. सगळे मास्क लावून बसू.”

वारुणीने त्यावर बराच विचार केला होता. यानात एकच खोली होती. त्यात जेवायचं, झोपायचं, आणि जेवताना मास्क काढावाच लागतो. “माझ्यासाठी रिकामं यान पाठवायला सांग,” ती म्हणाली. “मी येईन मागून.”

फिलोमिना रडली. मेघराजने दारावर नुसता हात ठेवला. वारुणीने आतून त्याच जागी आपला ठेवला.

पडद्यावर यान वर गेलं, ठिपका झालं, दिसेनासं झालं. ती कोठडीतून बाहेर आली. चारही खोल्यांची दारं उघडी होती. जपावं असं तिथे आता कुणी उरलं नव्हतं. तिने मास्क काढला.