अकरा पावलं, एक चौकट

सोमवारी समितीची बैठक होती. त्याआधी अकरा पावलांचा एकच, अखंड फोटो काढून आणायचा होता! एवढ्यासाठीच त्या शुक्रवारी उजाडता उजाडता तिघंजण घळीकडे निघाले होते.

ही पावलं माणसाची नव्हती. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठलातरी जडशीळ प्राणी ओल्या चिखलातून चालत गेला. चिखलाचा दगड झाला, आणि जमिनीच्या उलथापालथीत तो दगड उभा राहिला. आता ते ठसे एका अरुंद घळीच्या कड्यावर, भिंतीवरून आडवं चालत गेल्यासारखे दिसत. ते शोधून काढले होते एका तरुण भूशास्त्रज्ञ मुलीनं, आणि घळीच्या माथ्यावर दगडाची खाण सुरू होणार होती. एक सुरुंग लागला असता, तर सगळं भुईसपाट!

मुलीनं मोबाइलवर काढलेले एकोणीस तुकडे जोडून समितीला दाखवले होते. खाणीच्या वकिलानं ते दोन बोटांत धरून परत सरकवले. "हे जोडकाम आहे. चार खड्डे इथले, चार तिथले. सलग चाल आहे कशावरून?" समितीनं पंधरा दिवसांची मुदत दिली. तिच्या खात्याचा फोटोग्राफर भलामोठा कॅमेरा घेऊन जाऊन आला आणि हात हलवत परतला. मागं सरकायला जागाच नाही, म्हणाला.

शेवटी मुलगी आईच्या दुकानात आली.

आईचं दुकान कॅमेरे दुरुस्तीचं. कोपऱ्यावरची एक खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर हिरवा कापडी तुकडा आणि त्यावर राईएवढे स्क्रू ओळीनं मांडलेले. तीस वर्षं त्या टेबलावर वाकून तिची मान थोडी पुढं आली होती. सगळं गाव तिला कॅमेरेवाली म्हणे.

"ठशांपासून समोरची भिंत किती लांब?" कॅमेरेवालीनं विचारलं. हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर तिनं अजून खाली ठेवला नव्हता.

"सव्वा मीटर. आणि खाली वाहतं पाणी."

"ठसे?"

"सव्वातीन मीटरांत अकरा."

कॅमेरेवालीनं एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं एक ठिपका काढला, त्यातून फाकत जाणाऱ्या दोन रेघा ओढल्या आणि मान डोलावली. मग खणातून एक चपटा काळा कॅमेरा काढला. डिजिटल रेंजफाइंडर. आत आरसा नाही, त्यामुळे अंग सडपातळ. आणि पुढं लिंबाएवढी, बारा मिलिमीटरची लेन्स. जवळजवळ अर्धं जग एका नजरेत घेणारी!

"याची पाठ दगडाला टेकवली, तर अकराही मावतील. जेमतेम."

"मग दे ना मला."

"देते. पण ही लेन्स मांजरासारखी आहे गं. परक्याच्या हातात गप बसत नाही."

"आई, तिथं पोहायचंय. दोराला धरून चढायचंय. तू चोपन्न वर्षांची आहेस!"

"आणि तू एकतीस. दोघींची बेरीज केली तरी त्या जनावरापुढं आपण कालच्याच!"

विषय तिथंच संपला.

तिसरा होता वाटाड्या. एवढा उंच आणि हडकुळा, की लोक त्याला शिडी म्हणत. तो स्वतःही रागवत नसे. घळीच्या तोंडाशी त्यानं दोर खांद्यावर टाकला आणि दोघींना समोर उभं केलं.

"ताई, नीट ऐका. वर डोंगरावर बर्फ आहे. सकाळी ते गोठलेलं असतं, तेव्हा पाणी गुडघ्याएवढं. ऊन चढलं की ते वितळतं, आणि दुपारी हीच घळ माणूस गिळते. मी खडूनं तीन रेघा मारणार. दुसरी रेघ बुडाली की निघायचं. फोटो झालेला असो वा नसो."

"आणि ऊन ठशांवर कधी येतं?" कॅमेरेवालीनं विचारलं.

"बारा वाजता," मुलगी म्हणाली. "वरच्या फटीतून. पंधरा मिनिटं, फार तर. उन्हाची तिरीप भिंतीला घासत खाली येते, तेव्हाच ठशांची खोली दिसते. एरवी सगळं सपाट."

म्हणजे पाणी वाढायचं आणि ऊन पडायचं, दोन्ही एकाच वेळी! कॅमेरेवालीनं ओठ घट्ट मिटले आणि कॅमेऱ्याचा डबा पाठीला बांधला.

घळ सुरुवातीला हातभर आकाश दाखवणारी होती. मग भिंती जवळ आल्या. करड्या, गुळगुळीत, पाण्यानं शतकानुशतकं चाटलेल्या भिंती, त्यांच्यात मधेच तांबूस पट्टे. वरून टपटपणारे थेंब आणि पावलाच्या प्रत्येक आवाजाचे चार आवाज. पाणी इतकं गार, की घोट्यांना आधी चटका बसे आणि मग काहीच कळेनासं होई. दोन वेळा खडकांवर चढावं लागलं. कॅमेरेवालीचा गुडघा कुरकुरला. तिनं त्याला मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि पुढं चालली.

मग आला डोह. तीस हात लांब, आणि वर खडकाचं छत इतकं खाली, की फक्त डोकं पाण्याबाहेर राहील. शिडीनं पलीकडं दोर बांधला. त्याला धरून मुलगी गेली. मागोमाग कॅमेरेवाली, डबा डोक्यावर धरून.

अर्ध्या वाटेत पाय घसरला. ती पाण्याखाली गेली! कानात नुसता घोंगावता आवाज. तिनं डबा वर धरून ठेवला. नाकातोंडात पाणी, पण डबा वर! शिडीच्या लांब हातानं तिची कॉलर पकडली आणि तिला उचलून काठावर टाकलं.

डबा कोरडा होता. पण पट्ट्याला लावलेली छोटी पिशवी गेली होती. तिच्यात या लेन्सचा वेगळा व्ह्यूफाइंडर होता. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खिडकीत एवढं रुंद दृश्य मावत नाही. म्हणून वर हा भिंगाचा ठोकळा बसवून चौकट बघावी लागते.

मुलीचा चेहरा पडला. "आता चौकट कशी कळणार?"

कॅमेरेवाली दात वाजवत हसली. "पाठ दगडाला टेकवल्यावर मागं डोळा कुठून लावणार होते मी? आंधळाच फोटो काढायचाय, पोरी. चौकट माझ्या अंगात आहे. चल!"

साडेअकराला ते पोचले.

कॅमेरेवालीनं वर पाहिलं आणि थंडी विसरली. ताटलीएवढे ठसे, एकामागून एक, संथ आणि वजनदार. कुणीतरी नुकतंच इथून गेलं असावं असे! एका ठशात तर बोटांतून वर आलेल्या चिखलाची कडही दिसत होती. आपल्या पोरीनं हे शोधलं. तिनं ओल्या बाहीनं डोळे टिपले.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"काही नाही. डोळ्यांत पाणी गेलं."

ठशांसमोरच्या भिंतीत, छातीएवढ्या उंचीवर, टाच टेकेल एवढी कपार होती. शिडीनं खडूनं तीन रेघा ओढल्या, कॅमेरेवालीच्या कमरेला दोर बांधला आणि तिला उचलून कपारीवर चढवलं. तो स्वतः उजवीकडं दूर, चौकटीबाहेर उभा राहिला. मुलीनं ठशांच्या खालच्या कडेवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची लांब मोजकाठी आडवी ठेवली.

कॅमेरेवालीनं पाठ दगडाला चिकटवली. डावा हात बाजूला ताणून कॅमेराही दगडाला टेकवला. फोकस एक मीटरवर हातानंच लावला. एवढ्या रुंद लेन्सला त्याहून जास्त लाड लागत नाहीत. तिला लागतो तो सरळपणा. कॅमेरा केसभर कलला तरी भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात. म्हणून तिनं वर नखाएवढी, बुडबुड्याची पाणसळ बसवली होती.

"बुडबुडा बघ!"

मुलगी बाजूच्या दगडावर चढून टाचा उंचावून बघू लागली. "उजवीकडं जरा खाली... आता पुढं कललाय... थांब!" तिनं घडी केलेला रुमाल कॅमेऱ्यामागं सारला. "आला! मधोमध!"

"आता पळ चौकटीबाहेर!"

ऊन आलं. वरच्या फटीतून सोन्याची सुरी खाली उतरावी तसं. एकेक ठसा जागा होऊ लागला. पोट आत. श्वास बंद. टक्! टक्!

तिनं कॅमेरा जवळ घेऊन पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावायचंच बाकी ठेवलं. कोपऱ्यात एक जाडजूड गुलाबी डोंगर.

"काय आहे ते?"

"माझंच बोट!"

"ताई," शिडीनं हाक मारली, "पहिली रेघ गेली."

पुन्हा पाणसळ. पुन्हा रुमाल. टक्! या खेपेला बोट नव्हतं, पण फटीतला सूर्यच चौकटीत डोकावला होता आणि चित्रावर पांढरे डाग पसरले होते. एवढी रुंद नजर असली की नको तेही आत येतं.

पाण्याचा आवाज बदलला होता. मघाशी खळखळ होती, आता घुमणं होतं.

"दोन मिनिटं थांबू," ती म्हणाली. "सूर्य कडेआड होईल. ऊन भिंतीवर राहील."

"दुसरी रेघ बुडायला आलीय, ताई!"

"बुडाली का?"

"अजून चार बोटं आहेत."

"मग चार बोटं थांबा!"

मुलीनं बुडबुडा पुन्हा मधोमध आणला आणि बाजूला झाली. कॅमेरेवालीनं बोटं मुडपली. खांदा आगीसारखा जळत होता. सूर्य सरकला. अकराही ठसे सावल्यांनी काठोकाठ भरले. टक्! टक्! टक्!

पडदा. डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन... नऊ, दहा, अकरा! काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत. ना बोट, ना सूर्य.

"झालं!"

मुलगी मात्र वळणाकडं पाहत होती. "आई, तिकडं आणखी असणार. पाचच मिनिटं! मी पळत जाऊन बघते."

शिडीनं रेघेवर बोट ठेवलं. रेघ दिसत नव्हती.

"नाही," कॅमेरेवाली म्हणाली.

"पण..."

"ते इतकी वर्षं थांबलेत. तू थांब."

मुलीनं वळणाकडं एकदा डोळे भरून पाहिलं. मग मुकाट्यानं काठी दुमडली.

परतीचा डोह ओळखू येईना. छत आणि पाणी यांच्यात वीतभर जागा उरली होती, आणि पाणी ढकलत होतं. शिडी आधी गेला, पलीकडं खडकाला पाय रोवून उभा राहिला. दोघी दोराला धरून तोंड वर करून निघाल्या. दहा हात राहिले असताना वरून एक ओंडका आला. मुलीच्या खांद्यावर आदळला. दोर सुटला!

विचार करायला वेळच नव्हता. कॅमेरेवालीच्या एका हातात दोर, दुसऱ्यात डबा. तिनं डबा सोडला. मुलीचा दंड धरला. तिची बोटं, तीस वर्षं राईएवढे स्क्रू धरणारी बोटं, चिमट्यासारखी मिटली.

"ओढा!" ती ओरडली. शिडीनं ओढलं. दोघी धडपडत, खोकत काठाला लागल्या. मुलीनं आईच्या गळ्याला मिठी मारली.

डबा घळीच्या तोंडाशी, दगडांत अडकलेला सापडला. झाकण तडकलं होतं. कॅमेऱ्यातून पाणी गळालं. कॅमेरेवालीनं तो कानाशी धरून हलवला. आत वाळू खुळखुळली. हा आता दुरुस्त होणार नव्हता, आणि हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? तिनं त्याच्यावरून एकदा हात फिरवला. मग कार्ड काढलं, शिडीनं सकाळी तिथंच ठेवलेल्या कोरड्या टोपीत पुसलं आणि छातीशी ठेवलं.

कार्ड वाचलं होतं.

सोमवारी समितीच्या खोलीत लांब टेबलावर टेबलाएवढाच फोटो पसरला. खुर्च्या सरकल्या. पाचही सदस्य उठून वाकले. पण वकील तयार होता.

"एवढ्या रुंद लेन्सनं कडा ताणल्या जातात, हे कुणीही सांगेल. कडेचे ठसे खऱ्या मापाचे नाहीतच!"

मुलीनं आईकडं पाहिलं. कॅमेरेवाली उभी राहिली.

"तिरकं धरलं, किंवा माणसाचं डोकं, चेंडू असलं काही कडेला आलं, की ताणलं जातं, साहेब. पण सपाट भिंतीला कॅमेरा अगदी समांतर धरला, तर माप सगळीकडं सारखं राहतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. फोटोत काठी आहे. पट्टी घ्या आणि मोजा."

अध्यक्षबाईंनी पट्टी मागवली. डावीकडचा काळा पट्टा मोजला. अडतीस मिलिमीटर. मधला. अडतीस. उजवं टोक.

"अडतीस," अध्यक्षबाई म्हणाल्या.

वकिलानं स्वतः वाकून मोजलं. मग चष्मा काढून पुसला आणि खाली बसला.

तासाभरात निर्णय झाला. घळ आणि तिचा माथा राखीव; खाणीला परवानगी नाही! शिडीनं, आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीचा सदरा घातलेल्या शिडीनं, टाळी वाजवली आणि सगळ्यांनी पाहिल्यावर हात मागं लपवले.

इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनानं लेखणी उचलली. "फोटो कुणी काढला म्हणून लिहू? हुद्दा काय त्यांचा?"

कॅमेरेवाली म्हणणार होती, की दुकान आहे माझं, दुरुस्तीचं.

"मोहिमेच्या छायाचित्रकार," तिची मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली. "आणि पुढं लिहा, भूशास्त्रज्ञांच्या आई."

कारकुनानं दोन्ही लिहिलं.